सर्व्हरला यूएसबी दिसतंय, कंटेनरला मिळत नाही (उबुंटू २२.०४, डॉकर)

मांजराकाठ · लातूर

नमस्कार मंडळी,

एका ऑफिसातून निघालेला मिनी पीसी स्वस्तात मिळाला, त्याचा घरी सर्व्हर केलाय. उबुंटू २२.०४ आहे, सर्व्हर आवृत्ती नाही, डेस्कटॉपच, कारण सणासुदीला तोच टीव्हीला जोडतो. त्यावर डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या पेटीत (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारं), झिगबी२एमक्यूटीटी (झिगबीच्या बिनतारी सेन्सरांचे निरोप पोचवणारं), छतावरच्या सोलर इन्व्हर्टरचे आकडे वाचणारा एक बारका मॉडबस प्रोग्राम (मॉडबस म्हणजे अशा यंत्रांशी बोलायची भाषा) आणि जेलिफिन (घरचे व्हिडिओ दाखवणारं).

झिगबी कशाला, तर हौदासाठी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी चहाआधी हौदाचं झाकण उघडून बघायची पद्धत पडलीय. नळ कधी येईल याचा नेम नाही. रात्री दोनला आला तरी मोबाईल वाजला पाहिजे, एवढीच वडिलांची मागणी.

आता अडचणी. झिगबीचं डोंगल (सीपी२१०२ चिपवालं) सर्व्हरला दिसतं, पण कंटेनर म्हणतो परवानगी नाही. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारलं की चालतं, रीबूट केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इन्व्हर्टरचं आरएस-४८५ ते यूएसबी कन्व्हर्टर (सीएच३४०) खोचलं तर टीटीवाययूएसबी (त्या उपकरणाची /डेव्हमधली फाईल) तयारच होत नाही. तेच विंडोजच्या लॅपटॉपवर गुमान चालतं. जेलिफिनला ग्राफिक्स चिप द्यायला गेलो तर कंटेनर उठत नाही. आणि लाईट जाऊन आली की झिगबी मान टाकतं, मग सगळं हातानं उठवायचं.

७७७ शिवाय नीट मार्ग आहे का?

ता.क. कमांडा आणि फाईलींची नावं देवनागरीतच लिहितोय, मोबाईलचा कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा. सांभाळून घ्या.

---

गोदातीर · नांदेड

एवढं डोकं कशाला लावूलालाव? कंपोज फाईलमध्ये (कंटेनरची मांडणी लिहितो ती) 'प्रिव्हिलेज्ड: ट्रू' टाका, म्हणजे सगळे अधिकार मिळतात, विषय संपला. माझा गोठ्यातला वेबकॅम असाच चालतोय, कधी कुरकुर नाही.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ, प्रिव्हिलेज्डकडे वळायच्या आधी प्रत्येक ठिकाणी नेमकी कोणती एरर येते ती शब्दशः डकवा. "परवानगी नाही" हे तुमचं भाषांतर झालं. यंत्र काय म्हणतंय ते महत्त्वाचं, कारण लिनक्समध्ये उपकरण अडवणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचा निरोप वेगळा येतो.

'परमिशन डिनाइड' आलं तर बहुतेक वेळा फाईलवरचे मालक, ग्रुप, मोड जुळत नाहीत. स्नॅपसारखी (उबुंटूची एक इन्स्टॉल पद्धत) पेटीबंद सॉफ्टवेअर असतील तर ॲपआर्मरनं (प्रोग्रामला बांधून ठेवणाऱ्या पहारेकऱ्यानं) अडवल्यावरही हेच शब्द येतात. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर मोड बघत बसू नका. तिथं कंटेनरच्या सीग्रुपनं अडवलंय, म्हणजे परवानगी असलेल्या उपकरणांच्या यादीत तुमचं उपकरण नाही. 'नो सच फाईल' म्हणजे कंटेनरच्या आत तो नोडच (/डेव्हमधली उपकरणाची फाईल) आलेला नाही. 'नो सच डिव्हाइस' म्हणजे नोड आहे, पण त्याच्या मागचं यंत्र निघून गेलंय. आणि 'रिसोर्स बिझी' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच धरून ठेवलंय.

लोक हे सगळं एकाच पोत्यात भरतात आणि त्यावर ७७७ मारतात. ७७७ नं यातलं फक्त पहिलं सुटतं, तेही अर्धवट.

सर्व्हरवर 'एलएस -एल /डेव्ह/टीटीवाययूएसबी०' काय दाखवतं, कंटेनर कोणत्या यूजरनं चालतोय, आणि सीएच३४० खोचल्या-खोचल्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) काय उमटतं, एवढं द्या.

---

मांजराकाठ · लातूर

देवगिरी सर, घ्या.

एलएस: 'सीआरडब्ल्यू-आरडब्ल्यू---- १ रूट डायलआऊट १८८, ०'. मोड ६६० असं धरतो.

झिगबी कंटेनर: 'परमिशन डिनाइड, कॅनॉट ओपन /डेव्ह/टीटीवाययूएसबी०'. कंपोजमध्ये 'डिव्हायसेस' खाली नोड दिलेला आहे. यूजर १०००:१००० ठेवलाय. माझा स्वतःचा यूजर डायलआऊट ग्रुपमध्ये आहे. यूजरमॉड करून लॉगआऊट-लॉगिनपण केलं.

जेलिफिन: 'अनेबल टू फाइंड ग्रुप रेंडर: नो मॅचिंग एन्ट्रीज इन ग्रुप फाईल'.

सीएच३४० चा डीमेसेज लॅपटॉप उघडला की टाकतो. आत्ता आजी मालिका बघतीय, टीव्हीला तोच पीसी जोडलाय.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

आजींची मालिका होऊ द्या, घाई नाही :)

झिगबीचं उत्तर तुमच्याच ओळींत आहे. तुमचा यूजर डायलआऊटमध्ये आहे ही गोष्ट सर्व्हरवर खरी आहे. कंटेनरला तिचा पत्ता नाही. १०००:१००० म्हटलं की आतल्या प्रक्रियेला यूजर १००० आणि ग्रुप १००० एवढंच मिळतं. बाहेर त्याच १००० ला आणखी कोणते ग्रुप आहेत हे डॉकर बघायला जात नाही. नोड ६६० आहे (म्हणजे फक्त मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येतं), मालक रूट, ग्रुप डायलआऊट. तुमची प्रक्रिया या दोन्हींत बसत नाही, म्हणून 'परमिशन डिनाइड'. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं नाही, यावरून 'डिव्हायसेस'ची ओळ बरोबर आहे हेही कळलं.

उपाय: कंपोजमध्ये त्या सर्व्हिसखाली 'ग्रुप_ॲड' द्या आणि त्यात २० हा आकडा, अवतरणात. डेबियन-उबुंटूवर डायलआऊटचा क्रमांक २० असतो. तरी 'गेटेंट ग्रुप डायलआऊट' मारून खात्री करून घ्या. आर्चवाल्यांकडे सिरियल पोर्टचा ग्रुपच वेगळा, यूयूसीपी.

जेलिफिनचं दुखणंही याच घरातलं. तुम्ही ग्रुपचं नाव दिलंत. डॉकर ते नाव इमेजच्या (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याच्या) आतल्या ग्रुप फाईलमध्ये शोधतो, तुमच्या सर्व्हरच्या नाही. त्या इमेजमध्ये 'रेंडर' नावाचा ग्रुप नसेल तर कंटेनर उठतच नाही. कर्नलला नावाशी घेणंदेणं नसतं. शेताला आपण घरात 'चिंचेचा पट्टा' म्हणतो, पण खरेदीखताला गट नंबर लागतो. इथंही तसंच, नाव सोडा आणि गट नंबर लिहा. 'गेटेंट ग्रुप रेंडर' जो आकडा देईल तो. हा आकडा मात्र डायलआऊटसारखा ठरलेला नाही. इन्स्टॉल करताना जो मोकळा सापडला तो लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कंपोज फाईलमधून उचलू नका. ग्राफिक्ससाठी नोड कोणता, तर /डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८. फक्त ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलणं) हवं असेल तर तेवढा एकच पुरतो, कार्ड० द्यायची गरज नाही.

आणि ७७७ रीबूटनंतर का उडतं, तर /डेव्ह हे डिस्कवर नसतंच. ते मेमरीत असतं, बूट होताना आणि उपकरण खोचताना नव्यानं तयार होतं. मोड-ग्रुप काय असावेत ते यूडेव्हचे (खोचलेली उपकरणं लावून देणाऱ्या सेवेचे) नियम ठरवतात. कायमचा बदल हवा असेल तर तो नियमात करायचा.

---

गोदातीर · नांदेड

एवढं सगळं माझ्या एका ओळीत झालं असतं. घरातल्या सर्व्हरवर कोण येऊलालंय हॅक करायला? गोठ्यातली म्हैस?

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

गोदातीर भाऊ, तुमची एक ओळ मांजराकाठ यांच्याकडे चालणारच नाही, हीच गंमत आहे. त्यांचा कंटेनर रूट नसलेल्या यूजरनं चालतो. प्रिव्हिलेज्ड केलं तरी नोडचा मोड ६६० च राहतो आणि यूजर १००० च राहतो, म्हणजे पुन्हा 'परमिशन डिनाइड'. तुमचा कॅमेरा चालतो कारण तुमचा कंटेनर आत रूट म्हणून चालत असणार.

आणि प्रिव्हिलेज्ड म्हणजे एक कॅमेरा दिला असं होत नाही. सर्व्हरची सगळी उपकरणं आत जातात, हार्डडिस्कसुद्धा. सेककॉम्प आणि ॲपआर्मरचं बंधन उठतं, सगळ्या कॅपॅबिलिटीज (रूटचे खास अधिकार) मिळतात. आतला रूट तुमची डिस्क माउंट करून हवं ते लिहू शकतो. जेलिफिन बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडणारे इथं निम्मे आहेत. त्या जेलिफिनला कुणी प्रिव्हिलेज्ड करू नये, एवढंच माझं म्हणणं. म्हशीची भीती मलाही नाही.

---

गोदातीर · नांदेड

बरं. वाचूलालोय.

---

मांजराकाठ · लातूर

सर, २० टाकल्याबरोबर झिगबी उठलं! रेंडरचा आकडा माझ्याकडे १०९ आला, तो टाकून जेलिफिनपण उठलं. कंटेनरमध्ये व्हीएइन्फो चालवलं तर एच२६४ आणि एचईव्हीसी दोन्ही यादीत दिसतायत. गावच्या सप्ताहातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावून बघितलं, सीपीयू शांत.

आता सीएच३४० चा डीमेसेज. आधी येतं 'सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी१'. लगेच पुढं 'यूएसबीएफएस: इंटरफेस ० क्लेम्ड बाय सीएच३४१ व्हाइल बीआरएलटीटीवाय सेट्स कॉन्फिग #१'. आणि मग 'डिस्कनेक्टेड फ्रॉम टीटीवाययूएसबी१'. हे बीआरएलटीटीवाय काय प्रकरण आहे? व्हायरस तर नाही ना?

---

जिंतूर_रोड · परभणी

व्हायरस नाही दादा :) फार चांगलं सॉफ्टवेअर आहे ते, तुमच्या वाटेत आलंय एवढंच.

बीआरएलटीटीवाय अंध वापरकर्त्यांसाठी ब्रेल डिस्प्ले चालवतं. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच सीएच३४० चिप आहे आणि त्यांचा ओळख क्रमांकही तोच, १ए८६:७५२३. उबुंटू २२.०४ मध्ये त्याचा यूडेव्ह नियम हा क्रमांक दिसला की "आपला डिस्प्ले आला" म्हणून झडप घालतो आणि सिरियल ड्रायव्हरच्या हातातून उपकरण काढून घेतो. कॉलेजच्या लॅबमध्ये आर्डुइनोचे स्वस्त बोर्ड याच चिपचे असतात. उबुंटू बदललं त्या वर्षी एकाही पोराला बोर्ड सापडेना, आणि सगळे मिळून डायलआऊट ग्रुपच्या मागे लागले होते.

घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर 'एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करा, कन्व्हर्टर काढून पुन्हा खोचा, झालं. कुणी वापरत असेल तर ते काढू नका. यूडेव्हच्या नियमांत ८५-बीआरएलटीटीवाय नावाची फाईल आहे, तिची प्रत ईटीसीखालच्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावानं ठेवा आणि त्या प्रतीत १ए८६:७५२३ ची ओळ बंद करा. ईटीसीमधली फाईल मूळ फाईलच्या वर चालते आणि अपडेट आलं तरी टिकते.

बघा, हा परवानगीचा प्रश्न नव्हताच. ७७७ मारायला तरी नोड कुठं होता?

---

विमानवेडा · छत्रपती संभाजीनगर

जिंतूर_रोड ताईंचा प्रतिसाद वाचून माझी जुनी डोकेदुखी आठवली. चिकलठाणा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे सिग्नल पकडायला आरटीएल-एसडीआर (यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर) लावलंय. तिथंही कर्नलचा टीव्ही ट्यूनरचा ड्रायव्हर (डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू) आधी येऊन बसतो, आणि आपल्या सॉफ्टवेअरला 'यूएसबी_क्लेम_इंटरफेस एरर -६' मिळते. उणे ६ म्हणजे बिझी, त्याला तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा. उणे ३ आली तर मात्र ती खरी परवानगीची एरर, तिला यूडेव्हचा नियम. दोन्हींचे उपाय वेगळे.

अवांतर: हे उपकरण टीटीवायमध्ये येत नाही, /डेव्ह/बस/यूएसबीखाली येतं, आणि काढून खोचलं की त्याचा क्रमांक बदलतो. कंटेनरला एकच नोड देऊन भागत नाही.

---

मांजराकाठ · लातूर

ताई, काढलं आणि लगेच टीटीवाययूएसबी१ आलं, टिकलंपण. मॉडबसच्या कंटेनरला डिव्हायसेसमध्ये दिलं, ग्रुप २० दिला. पोर्ट उघडतंय, पण इन्व्हर्टर उत्तर देत नाही, नुसतं टाइमआऊट. अजून एखादी परवानगी राहिली का?

---

जिंतूर_रोड · परभणी

पोर्ट उघडलं म्हणजे परवानग्यांचं काम संपलं. टाइमआऊट वायरकडे बघायला सांगतंय. ए आणि बी या दोन तारा अदलाबदल करून बघा. आरएस-४८५ मध्ये ए कुणाला म्हणायचं आणि बी कुणाला, यावर उत्पादकांचं एकमत नाही, आणि उलट्या जोडल्या तरी काही जळत नाही. मग बॉड रेट आणि स्लेव्ह क्रमांक मॅन्युअलमधून तपासा. बरेच इन्व्हर्टर ९६०० वर, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असे असतात.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

तारांचं होईल. आता दोन सिरियल उपकरणं झाली ना, तर आधी एक करा: टीटीवाययूएसबी० आणि १ ही नावं कंपोजमधून काढून टाका. कोण शून्य आणि कोण एक हे कर्नलला जे आधी सापडेल त्यावर ठरतं. एखाद्या बूटला उलटापालट झाली की झिगबीचा प्रोग्राम इन्व्हर्टरशी गप्पा मारायला जाईल.

/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी या फोल्डरात बघा, तिथं उपकरणाच्या नावानं दुवे असतात. सीपी२१०२ वाल्याच्या नावात सहसा सिरियल क्रमांकही असतो. सीएच३४० मध्ये बहुतेक वेळा सिरियल क्रमांक नसतोच. एकच असेल तर चालून जातं, दोन सारखे घेतले तर दोघांचं नाव एकच होतं. तेव्हा बाय-पाथ वापरायचं, म्हणजे कोणत्या भोकात खोचलंय त्यावरून ओळख.

कंपोजमध्ये डावीकडे बाय-आयडीचा पूर्ण मार्ग, मग कोलन (:), उजवीकडे आत जे नाव हवं ते, उदा. /डेव्ह/झिगबी.

आता लाईटचा प्रश्न. लाईट जाते तेव्हा नेमकं काय काय बंद पडतं?

---

मांजराकाठ · लातूर

पीसी आणि राउटर घरच्या इन्व्हर्टरवर (लाईट गेल्यावर चालतो तो) आहेत, ते बंद पडत नाहीत. म्हणूनच तर कळेना. डोंगल यूएसबी हबला आहे, हब माळ्यावर. (डोंगल पीसीच्या यूएसबी ३ पोर्टजवळ ठेवू नका, झिगबीला त्रास होतो, असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून लांब नेलं.) हबला स्वतःचा ॲडॉप्टर आहे.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

आणि त्या ॲडॉप्टरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का?

---

मांजराकाठ · लातूर

नाही. माळ्यावरचा पॉइंट थेट मेनवर आहे.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

मग उलगडा झाला. लाईट गेली की हब मरतो, पीसी जिवंत राहतो. पीसीच्या दृष्टीनं तुम्ही डोंगल उपटलंत. प्रोग्रामनं शून्य क्रमांक अजून उघडा धरून ठेवलेला असेल तर लाईट आल्यावर तेच डोंगल टीटीवाययूएसबी२ म्हणून येतं. कंटेनरच्या आत मात्र सुरू होताना बनवलेला जुना नोड तसाच पडून असतो. तो उघडायला गेलं की 'नो सच डिव्हाइस'.

बाय-आयडी दिल्यानं हे निम्मं सुटतं. डॉकर तो दुवा कंटेनर सुरू होतानाच उलगडतो, चालू असताना नाही. म्हणजे रीस्टार्ट केला की नवा क्रमांक बरोबर सापडतो, पण रीस्टार्ट व्हावा लागतो. आणि त्या क्षणी डोंगल हजर नसेल तर कंटेनर उठतच नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली: 'डिव्हायसेस' काढायचं, सर्व्हरचं /डेव्ह आत माउंट करायचं, आणि 'डिव्हाइस_सीग्रुप_रूल्स'मध्ये 'सी १८८:* आरडब्ल्यूएम' लिहायचं. १८८ हा यूएसबी सिरियलचा मेजर क्रमांक (उपकरणाच्या प्रकाराचा). अशानं आत नोड सगळे दिसतात, पण उघडता येतात ते फक्त १८८ वाले. डिस्कला हात लावायला गेलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. नवीन नोड आल्या-आल्या आतही दिसतो. एसीएम प्रकारचं डोंगल असेल तर १६६, आणि विमानवेडा यांच्या उपकरणाला १८९. ग्रुप २० ची ओळ याही वाटेत लागतेच. दुसरी: डोंगल परत आलं की यूडेव्हच्या नियमातून सिस्टमडीची एक सर्व्हिस चालवून कंटेनर रीस्टार्ट करायचा. हे मला फारसं आवडत नाही, सहा महिन्यांनी आपणच विसरतो की कोण कुणाला रीस्टार्ट करतंय.

तिसरी वाट म्हणजे वायरमनला बोलवा आणि माळ्यावरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. मी असतो तर आधी हेच केलं असतं.

---

सीताफळ · बीड

धागा वाचतोय, मधेच घुसतो. माझ्याकडे उबुंटू सर्व्हर आहे आणि डॉकर इन्स्टॉलच्या वेळी यादीत टिक करून घेतला होता. /एमएनटीवर लावलेली मोठी डिस्क जेलिफिनला दिलीय, तर फोल्डर रिकामं दिसतं. मोड ७५५, मालक मीच. ग्रुपचं सगळं करून झालं.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

'स्नॅप लिस्ट' मारा. त्यात डॉकर दिसला तर तुमचा डॉकर स्वतःच पेटीत आहे. इन्स्टॉलच्या वेळच्या यादीतून घेतलेला डॉकर स्नॅपचा असतो. त्याला होम फोल्डर वाचता येतं, बाहेरचं नाही. 'स्नॅप कनेक्शन्स डॉकर' केलं तर रिमूव्हेबल-मीडियासमोर रिकामी रेघ दिसेल. ते कनेक्ट केलं की /मीडिया आणि /एमएनटी उघडतात.

इतर स्नॅपांचंही तसंच. सिरियल-पोर्ट, रॉ-यूएसबी, कॅमेरा हे इंटरफेस बऱ्याचदा आपोआप जोडले जात नाहीत, हातानं जोडावे लागतात. तिथं यूजरमॉड, सीएचमॉड काहीही करा, उपयोग नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'ॲपआर्मर=डिनाइड' शोधायचं, त्यात कोणत्या फाईलला अडवलं ते लिहिलेलं असतं.

डॉकरपुरतं विचाराल तर स्नॅपचा काढून एपीटीनं डॉकरच्या रेपॉझिटरीतून घ्या. पेटीत पेटी ठेवली की अडकलेलं कुठं शोधायचं हेच कळत नाही. जुने व्हॉल्यूम आधी बाहेर काढून घ्या मात्र, स्नॅप काढताना तेही जातात.

---

मोसंबी · जालना

पेटीत पेटीवरून... माझं प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं) आहे. त्यात अनप्रिव्हिलेज्ड एलएक्ससी (कमी अधिकारांचा तिथला कंटेनर), त्यात झिगबी२एमक्यूटीटी. नोड आत दिसतो, पण मालक 'नोबडी', ग्रुप 'नोग्रुप'. आतून सीएचओन केलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

---

जिंतूर_रोड · परभणी

अनप्रिव्हिलेज्ड एलएक्ससीमध्ये आतले क्रमांक बाहेर १,००,००० नं सरकवलेले असतात. आतला रूट ० म्हणजे बाहेरचा १०००००, आतला डायलआऊट २० म्हणजे बाहेरचा १०००२०. तुमच्या नोडचा ग्रुप बाहेरचा खराखुरा २० आहे. त्याला आत जोडीच नाही, म्हणून नोग्रुप. आतल्या रूटला तो बदलता येत नाही आणि येऊही नये.

प्रॉक्समॉक्स ८.२ किंवा पुढचं असेल तर सोपं आहे. कंटेनरच्या रिसोर्सेसमध्ये जाऊन ॲड, डिव्हाइस पासथ्रू. मार्ग बाय-आयडीचा द्या आणि प्रगत पर्यायांत 'जीआयडी इन सीटी' (कंटेनरमधला ग्रुप क्रमांक) समोर २०. सरकवण्याचं गणित ते स्वतः करतं. जुन्या लेखांत कॉन्फिग फाईलमध्ये एलएक्ससी.सीग्रुप२ आणि माउंटच्या ओळी हातानं घालायला सांगितलेलं असतं. त्याही चालतात, पण आधी लिहिलेल्या असतील तर काढून मगच हे करा.

---

मोसंबी · जालना

ताई, झालं. आत आता 'रूट डायलआऊट' दिसतंय. त्या कॉन्फिगच्या ओळी कुठून आणल्या होत्या तेही आठवत नाही. धन्यवाद.

---

सीताफळ · बीड

स्नॅपचाच निघाला. कनेक्ट करून डिस्क दिसायला लागली. एपीटीवर रविवारी जातो.

---

मांजराकाठ · लातूर

ए-बी तारा उलट केल्या आणि इन्व्हर्टर बोलायला लागला. ९६०० च होता.

वायरमन आज येऊन गेला, माळ्यावरचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला. त्यानंतर लाईट गेली, आली, झिगबी जागचं हललं नाही. तरी पहिली वाटपण करून ठेवलीय. झिगबीच्या सर्व्हिसमध्ये /डेव्ह माउंट, नियमात १८८, ग्रुपमध्ये २०, आणि झिगबीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये पोर्ट म्हणून बाय-आयडीचा मार्ग. हब उपटून परत खोचला तर कंटेनर थोडा वेळ रडतो, आपोआप रीस्टार्ट होतो आणि जोडला जातो. मॉडबसचं कन्व्हर्टर थेट पीसीला आहे, त्याला साधं 'डिव्हायसेस'च ठेवलंय. कंटेनरच्या आत जाऊन डिस्कचा नोड वाचायचा प्रयत्न केला. आधी 'परमिशन डिनाइड' आलं, मग एकदा रूट म्हणून शिरलो तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. आता दोन्हींतला फरक कळतो.

वडिलांचं म्हणणं, आता मोटर आपोआप बंद होईल असं बघ. तो वेगळा धागा काढतो.

---

जिंतूर_रोड · परभणी

मोटरच्या धाग्यात स्टार्टर आणि कॉन्टॅक्टरचं आधी बोलू. तिथं रिले थेट लावू नका दादा.

---

गोदातीर · नांदेड

देवगिरी भाऊ, मी बी प्रिव्हिलेज्ड काढून बघितलं. वेबकॅम गेला. 'नो सच फाईल /डेव्ह/व्हिडिओ०'. मग व्हॉल्यूममध्ये /डेव्ह दिलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. कंटेनर आत रूटच आहे.

---

देवगिरी · छत्रपती संभाजीनगर

बरोबर चाललंय. पहिल्यांदा नोड नव्हता, दुसऱ्यांदा नोड आला पण सीग्रुपच्या यादीत नव्हता. /डेव्हचं माउंट काढा आणि 'डिव्हायसेस'मध्ये /डेव्ह/व्हिडिओ० द्या, दोन्ही कामं त्या एका ओळीत होतात. कॅमेऱ्याची केबल सारखी हलत असेल तर /डेव्ह राहू द्या आणि नियमात 'सी ८१:* आरडब्ल्यूएम' लिहा. पुढंमागं रूट सोडून दुसऱ्या यूजरवर गेलात तर व्हिडिओ ग्रुपचा क्रमांकपण लागेल, उबुंटूवर ४४. यूएसबी वेबकॅमचे बहुतेक वेळा व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ असे दोन नोड येतात. चित्र ० मधूनच मिळेल, १ द्यायची गरज नाही.

---

गोदातीर · नांदेड

व्हिडिओ० नं झालं. म्हैस दिसूलालीय.